ध्रुव टाकीमागं आहे

आकाशाचे फोटो काढायला दुर्बीण घ्यायची ठरवली तेव्हा वाटलं होतं, एका रविवारचं काम. सकाळी मिसळ, दुपारी चौकशी, संध्याकाळी ऑर्डर. सात महिने लागले. तेवढ्यात आमच्या गल्लीत दोन लग्नं ठरली आणि त्यातलं एक मोडलंसुद्धा.

कोल्हापुरात दुर्बीण म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "किती लांबचं दिसतंय?" मी सांगायचो, देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षं. समोरचा शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ते असू दे. पन्हाळ्यावरचा माणूस दिसतोय काय?" दिसेल, पण उलटा. "मग काय उपेग?"

माझा जीव आधी आठ इंची आरशाच्या डॉब्सोनियन दुर्बिणीवर जडला होता. एवढ्या पैशात एवढा मोठा आरसा दुसऱ्या कशात मिळत नाही आणि नुसत्या डोळ्यानं बघायचं असेल तर आजही मी तेच घ्या म्हणेन. फोटो बघून सौ. म्हणाली, "गीझर आहे आपल्याकडं." नळी बाराशे मिलिमीटरची, बुडाशी फिरता लाकडी पाट. नळी वर-खाली होते, पाट गरगर फिरतो. पण पृथ्वी तिरक्या आसाभोवती फिरते, तासाला १५ अंश, आणि आपल्यासाठी थांबत नाही. फोटोला मिनिट मिनिट उजेड साठवावा लागतो. साध्या स्टँडवर, अगदी छोट्या दुर्बिणीनंसुद्धा, पाऊण सेकंदापुढं गेलात की ताऱ्यांचे शेंगदाणे होतात. दहा सेकंदांत शेवया.

म्हणून पृथ्वीच्या आसाला समांतर धरून, तिच्या उलट्या दिशेनं हळूहळू फिरणारा मोटरवाला स्टँड लागतो. त्याला इक्वेटोरियल माउंट म्हणतात आणि इथं माझा खरा अपमान झाला. "दुर्बीण राहू दे, आधी माउंटचं बजेट सांगा," दुकानदार फोनवर म्हणाला. म्हणजे नवरदेवापेक्षा घोडा महाग! त्यातही माउंट पंधरा किलो पेलतो असं लिहिलेलं असेल तर फोटोसाठी निम्मंच धरायचं. वडापच्या जीपच्या बरोबर उलटा हिशेब.

माउंटला तोल साधायला दुसऱ्या बाजूला वजनं लावतात. त्यांची किंमत ऐकून उद्यमनगरातला माझा मित्र अक्षरशः दुखावला. "भावा, लोखंडाला एवढे पैसे? फौंड्रीच्या गावात राहून?" चौथ्या दिवशी त्यानं पाच किलोचं कास्टिंग लेथवर मारून आणून दिलं. मधल्या भोकाचं माप विचारताना तो मायक्रॉनमध्ये बोलत होता. वर रेड ऑक्साईडचे दोन हात. माझ्या सगळ्या सामानात आजपर्यंत न बिघडलेली वस्तू ती एकच.

दुर्बीण शेवटी घेतली ८० मिलिमीटर भिंगाची, नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं अंतर, ४८०. ईडी काचेची, म्हणजे तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळी कड फारशी येत नाही. लहान का? तर देवयानी आभाळात तीन अंशांहून जास्त पसरलेली आहे, सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवल्यासारखी. मोठ्या नळीत तिचा नुसता मधला भाग मावतो. हे मी शेजारच्या तात्यांना समजावलं. त्यांनी भिंगाच्या तोंडावर पंजा धरून बघितला. "एवढंच? आमचा तांबड्या रश्श्याचा वाडगा ह्याच्यापेक्षा मोठा आहे."

खोकी आली जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. कोल्हापूरचा जून ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. चार महिने मी ढगांकडं बघितलं. खंडेनवमीला दुर्बिणीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. सौ. भिंगावरही वाहणार होती, मी हात धरला.

मग आभाळ उघडलं आणि नवीनच भानगड. माउंटचा आस ध्रुवाकडं रोखावा लागतो. ज्या गावाचा जेवढा अक्षांश, तेवढाच तिथून ध्रुव क्षितिजाच्या वर. कोल्हापुरात १६.७ अंश, हात लांब करून धरलेल्या दीड मुठीपेक्षा किंचित वर. नेमक्या त्याच उंचीवर तात्यांची पाण्याची टाकी. आमच्याच गावात अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस थेट मूर्तीपर्यंत पोचतात, शेकडो वर्षं झाली. बांधणाऱ्यांच्या शेजारी तात्या नसावेत.

तीन रात्री तिपाई गच्चीभर फिरवली. चौथ्या रात्री, टाकी आणि डिशची छत्री यांच्या फटीतून, सापडला. मी हाक मारली. सौ. वर आली, तिनं माउंटच्या आसात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावला.

"हा एवढा बारका?"

"हाच."

"आणि हलत नाही म्हणता?"

हलतो. आकाशाच्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जरा जास्तच बाजूला आहे आणि दिवसाकाठी त्याच्याभोवती छोटी चक्कर मारतो. पण बायकोला अढळपद दाखवताना लगेच हे कुठं सांगायचं?

"मग लग्नात कुठला दाखवला होता?"

लग्नात दुपारचा एक वाजला होता. गुरुजींनी ध्रुव बघा म्हणून बोट केलं तिथं कार्यालयाचा पंखा होता.

"तू दिसला म्हणालीस की."

"तुम्ही म्हणालात म्हणून म्हटलं. मला भूक लागली होती."