एरिनची चाकांवरची वर्षं

अमेरिकेची बर्फावरची स्पीड स्केटर एरिन जॅक्सन हिच्यावरचा तुमचा लेख मनापासून आवडला. पण २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमधलं ५०० मीटरचं सुवर्ण (३७.०४ सेकंद!) सांगताना तिची चाकांवरची वर्षं दोन ओळींत उरकलीत, त्याची हळहळ वाटली. ती आधी इनलाइन स्केटिंगमधली (एका रांगेत चाकं असलेल्या बुटांवरच्या शर्यतींमधली) कसलेली खेळाडू होती. म्हणून तर बर्फावरचा सराव सुरू करून जेमतेम काही महिन्यांत ती २०१८च्या ऑलिंपिकला पोचली. तिथे चोविसावी आली, हेही यायला हवं होतं.

आणि तिची अमेरिकन संघातली सहकारी ब्रिटनी बो! बीजिंगसाठीच्या निवड चाचणीत एरिन घसरली, तिसरी आली, तेव्हा ब्रिटनीने आपली जागा तिला देऊन टाकली. दोघीही फ्लोरिडातल्या ओकालाच्या. पुढे जादा जागा मिळाल्याने ब्रिटनीही त्या शर्यतीत उतरली, पण देताना त्याची खात्री नव्हती. मला तर हे त्या सुवर्णाइतकंच मोठं वाटतं.

माझी भाची मुलुंडला स्केटिंग शिकते. पहाटे रिक्षा-बस सुरू होईपर्यंत रस्त्यावर, पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये. खांबांमधून वेग घेणार कुठून? अशा पोरांसाठी चाकांवरून बर्फावर गेलेल्या ओकालाच्या एरिनची गोष्ट फार जवळची आहे. २०२५मध्ये चेन्नईच्या आनंदकुमार वेलकुमारने चीनमधल्या जागतिक स्पीड स्केटिंग स्पर्धेत १००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, तेही चाकांवरच. कृपया त्याच्यावरही लिहा, आणि त्याच्या सरावाबद्दल जरा सविस्तर लिहा.