पेनड्राइव्ह दिसत नाही म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

"लिनक्सवर पेनड्राइव्ह दिसत नाही? पाच स्टेपमध्ये चालू करा" असा एक मेसेज सध्या पोरांच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे दिसत नाही म्हणजे करप्ट झालाय, आधी एसडीबी१ (लिनक्सनं ड्राइव्हला दिलेलं नाव) वर सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं, एमकेएफएस-व्हीफॅट चालवा, मग माउंट करा, फाइल टाकता येत नसेल तर सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड), कायमचं काम हवं तर एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय काय माउंट करायचं त्याची यादी) ओळ टाका, आणि काढताना अनमाउंट वगैरे काही लागत नाही. काल भाचीनं तो मला पाठवला आणि विचारलं, मामा हे करू का, त्यात प्रोजेक्टचा रिपोर्ट आहे. नशीब आधी विचारलं.

पहिल्या स्टेपवरच माझं डोकं फिरलं. अरे, एमकेएफएस म्हणजे पेनड्राइव्ह "चालू करणं" नाही, त्यावर नवीन रिकामी फाइलसिस्टम (फाइल कुठे आहेत याची नोंद ठेवणारी रचना) बसवणं आहे! आधीचं सगळं दिसेनासं होतं. आणि दिसत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की तो आपोआप माउंट झाला नाही. साध्या विंडो मॅनेजरवर (पूर्ण डेस्कटॉप नाही, फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम) तर ते होतच नाही, हाताने करावं लागतं. माउंट करणं म्हणजे त्यातल्या फाइल एखाद्या फोल्डरला जोडून देणं, त्यासाठी फॉरमॅट कशाला? डेटाची भीती वाटत असेल तर माउंटला -ओ आरओ (रीड ओन्ली) लावून फक्त वाचण्यापुरता माउंट करा.

त्याहून भयंकर म्हणजे एसडीबी१ हे नाव डोळे झाकून दिलंय. ज्या लॅपटॉपात एनव्हीएमई एसएसडी (नव्या प्रकारची डिस्क, तिचं नाव एसडीनं सुरू होत नाही) आहे तिथे पेनड्राइव्ह बहुतेक एसडीए म्हणून येतो, आणि ज्या डेस्कटॉपात दोन साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) डिस्क आहेत तिथे एसडीबी ही आतली दुसरी हार्डडिस्क असू शकते, म्हणजे घरच्यांचे फोटो ठेवलेल्या डिस्कवर तुम्ही एमकेएफएस चालवणार, आणि ती माउंट नसेल तर एमकेएफएस-व्हीफॅट "नक्की का" असं विचारतही नाही. म्हणून आधी एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी देणारी कमांड) चालवून साइज आणि एलएसबीएलके -एफ चालवून लेबल बघा, आपला कोणता ते ओळखा, मगच पुढे. खरं तर यूडिस्कसीटीएल माउंट -बी आणि पुढे डिव्हाइसचं नाव एवढ्यात काम होतं, डेस्कटॉपवर बहुधा सुडोही लागत नाही.

सीएचमॉड ७७७ चं उत्तर माउंटच्या मॅन पेजमध्येच (कमांडचं माहितीपान) आहे, जरा उघडून बघा. फॅटमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवर बहुधा असते त्या फाइलसिस्टममध्ये, लिनक्सच्या मालकी-परवानग्या साठवायची सोयच नाही, त्यामुळे त्या माउंट करतानाच यूआयडी (मालक), जीआयडी (ग्रुप), यूमास्क (कोणत्या परवानग्या काढायच्या) या ऑप्शननी द्याव्या लागतात. नंतर कितीही सीएचमॉड मारा, काही फरक पडत नाही.

एफएसटॅबमध्ये ओळ टाकायचीच असेल तर यूयूआयडीने (फाइलसिस्टमचा ओळख क्रमांक) टाका आणि नोफेल (ड्राइव्ह नसला तरी पुढे जा) लिहा. नाहीतर पेनड्राइव्ह न लावता मशीन सुरू केलं की सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या टर्मिनलवर, नेऊन सोडतं.

अनमाउंटबद्दल अर्धं खरं आहे, मान्य करतो. विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून तिकडे क्विक रिमूव्हल (अनमाउंट न करता काढता येणं) डीफॉल्ट आहे. पण कॉपी चालू असताना तिथेही काढायचा नसतोच, आणि हा मेसेज लिनक्सचा आहे! इथे कॉपी झाली असं दिसलं तरी डेटा काही वेळ रॅममध्येच असू शकतो, यूमाउंट (अनमाउंटची कमांड) केल्यावर तो सगळा ड्राइव्हवर लिहिला जातो, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा. "टार्गेट इज बिझी" आलं तर बहुधा कुठल्यातरी टर्मिनलमध्ये तुम्ही त्याच फोल्डरमध्ये बसलेले असता, बाहेर या.

आणि ज्यांनी ती पहिली स्टेप आधीच केलीय त्यांनी त्या ड्राइव्हवर आता एकही फाइल टाकू नका. एमकेएफएस-व्हीफॅट मुख्यतः वरची यादी पुसतं, खालचा डेटा बराचसा तिथेच असतो, फोटोरेक (गेलेल्या फाइल शोधून काढणारा प्रोग्रॅम) चालवा आणि सापडलेल्या फाइल दुसऱ्या डिस्कवर सेव्ह करा, त्याच पेनड्राइव्हवर नाही.