रामकुंडाआधी न्हाणीघर

नाशिककराच्या घरी पाहुण्यांना तसा तोटा नसतो, पण गुरू सिंह राशीत शिरला की बारा वर्षांतून एकदा खरा पूर येतो. 2015च्या सिंहस्थात आमच्या दोन खोल्या आणि हॉलमध्ये इतकी माणसं झोपली, की त्यातल्या एका जोडप्याचं आमच्याशी नातं काय हे मला आजतागायत कळलेलं नाही. सासूबाई म्हणतात, तुझ्या माहेरचे. माझी आई म्हणते, तुझ्या सासरचे. माणसं मात्र चांगली होती. जाताना खजुराचं पाकीट ठेवून गेली.

आता पुढच्या सिंहस्थाचे वेध लागलेत. 31 ऑक्टोबर 2026ला ध्वजारोहण आणि मोठी स्नानं 2027 च्या पावसाळ्यात, हे पंचांगाआधी आम्हाला जळगावच्या वन्संनी फोनवर सांगितलं. "आम्ही येतोय हं," म्हणाल्या, आणि फोन ठेवता ठेवता, "तेवढं बाथरूमचं बघा गं. मागच्या वेळी फार घसरत होतं."

म्हणजे बघा. यायचं आंघोळीला, तीही गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, रामकुंडात. पण त्यासाठी न्हाणीघर नवं करायचं आम्ही, नाशिकरोडला!

ठराव झाला तो फक्त फरश्या बदलण्याचा. आमची बिल्डिंग 1992ची. मिस्त्री आले, छिन्नीच्या मागच्या टोकाने बाथरूमच्या भिंतीवर टकटक केलं, भिंतीला कान लावला आणि हळूच म्हणाले, "पोकळ आहे." मी चहा आणला. पुढचं सगळं त्यांनी चहा पीत सांगितलं. फरशी काढली की आतला पाइप उघडा पडणार. पाइप जी.आय.चा, म्हणजे लोखंडी, इतक्या वर्षांत आतून गंजून निम्मा बुजलेला. हात लागला की सुटणार. तो काढून सी.पी.व्ही.सी., म्हणजे प्लास्टिकचा, टाकायचा. पण तो येतो स्वयंपाकघराच्या भिंतीतून, म्हणजे ओट्यामागच्या टाइल्स निघणार. तशा टाइल्स आता बाजारात नाहीत, म्हणजे अख्खी भिंत. भिंतीला हात लावला की ओटा हलणार, आणि जुना कडाप्पा हलला की तडकणारच. ओटा नवा तर खालची कपाटं नवी. कप खाली ठेवेपर्यंत काम बाथरूममधून निघून हॉलमधल्या मोझॅकपर्यंत पोचलं होतं. आणखी अर्धा कप मागितला असता तर पार्किंगही नवं झालं असतं.

यावर आमच्या ह्यांनी एकच केलं. टेप काढला.

हे नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. जिथे कागदाच्या एकेका तावाचा हिशेब लागतो तिथे हयात घालवलेल्या माणसाला 'साधारण' हा शब्द सोसत नाही, आणि बांधकामाच्या धंद्यात दुसरा शब्दच नाही. ह्यांनी शंभर पानी वही घातली. पहिल्या पानावर श्री, दुसऱ्या पानापासून मापं. दारं, खिडक्या, चौकटी, बिजागऱ्या, खुंट्या. देवघराची उंची मोजताना सासूबाई जप करत होत्या, त्यांना "आई, जरा डावीकडे सरका" असं सांगण्यात आलं. त्या सरकल्या नाहीत. त्यामुळे वहीत देवघराच्या रुंदीपुढे 'आई उठल्यावर' असं लिहिलेलं आहे.

पण मापं घेणं सोपं, ती कुणाला सांगणं कठीण. सुतार बोलतो सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. "वहिनी, दोन सूत इकडेतिकडे चालतं," असं तो म्हणाला तेव्हा ह्यांच्या कपाळावर जी आठी चढली तीच दोन सुतांची असेल. ओटा रनिंग फुटावर. टाइल्स मिलिमीटरमध्ये. गवंडी ब्रासमध्ये. वाळू ब्रासने येते तेव्हा ते 100 घनफूट, आणि प्लास्टरची मजुरी ब्रासने सांगतात तेव्हा 100 चौरस फूट. ह्यांनी विचारलं, "अहो, मग एक ब्रास म्हणजे नक्की किती?" मिस्त्री म्हणाले, "साहेब, कामावर अवलंबून." पैसे मात्र सगळेच जण राउंड फिगरमध्ये सांगतात.

एस्टिमेटं तीन ठिकाणांहून आली. एक लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे लिहिलेलं. एक नुसतं तोंडी: "काम बघा, मग पैशाचं बोलू," ज्याची मला फार धास्ती वाटली. तिसरं लॅपटॉपवर, रंगीत चित्रांसकट. त्या चित्रात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसत होता. प्रत्यक्षात तिथून शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते. ओट्यावर एक फुलदाणी, तीन लिंबं आणि एक हिरवं सफरचंद. कुकर, पोळपाट, तेलाची किटली कशाचाच पत्ता नाही. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि त्या मुलाला विचारलं, "बाळा, ज्यांचं घर आहे त्यांनी देव कुठे ठेवलेत?" तो बिचारा घर कुणाचं याच विचारात पडला.

आम्ही पाकीटवाल्याला, म्हणजे त्या छिन्नीवाल्या मिस्त्रींनाच काम दिलं. कारण एवढंच की ते "लगेच येतो" म्हणाले. सध्या नाशकात हाताला काम असलेला माणूस सिंहस्थाच्या कामावर नाहीतर सिंहस्थासाठी घर करणाऱ्यांच्या कामावर. "लगेच" म्हणजे कधी, हे ह्यांनी वहीत लिहून घेतलं होतं. त्या नोंदीवर पुढे इतक्या रेघोट्या झाल्या की तारीख आता वाचता येत नाही.

टाइल्स आणायला गावात जायचं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, मीही येते. ऐंशी उलटलेल्या माणसाला द्वारका चौकाच्या गर्दीतून न्यायचं म्हणजे पुण्य पदरी पडतं, पण त्या ऐकेनात. "न्हाणीत मी पडणार, तुम्ही नाही," म्हणाल्या. यावर कोण काय बोलणार?

दुकान एसी. माल सगळा मोरबीचा, नावं मात्र इटलीची. विक्रेता तरुण, टाय लावलेला, प्रत्येक टाइलला "प्रीमियम" म्हणणारा. "दोन बाय दोनमध्ये दाखवतो साहेब," असं तो म्हणाला मात्र, ह्यांचा टेप बाहेर. टाइल निघाली 600 मिलिमीटर. दोन फूट म्हणजे 609.6. दर टाइलमागे जवळजवळ तीन सूत कमी!

"ही दोन फूट नाही."

"साहेब, दोन बाय दोनच म्हणतात."

"म्हणतात. पण नाही."

मग खोक्यावरचं वाचून झालं. चार टाइल्स, 1.44 चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. "आणि तुम्ही 16 धरून दर लावता," हे म्हणाले. विक्रेत्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने चहा मागवला. अशा चकमकीत माणूस तहात उतरतो तो चहावरच.

एवढ्यात मागे काहीतरी शांतपणे घडत होतं. सासूबाईंनी चपला काढल्या होत्या, पदर खोचला होता आणि झाडलोट करणाऱ्या मुलाकडून तांब्याभर पाणी आणवलं होतं. चकाकणाऱ्या शुभ्र 'इटालियन' टाइलवर त्यांनी ते ओंजळीने शिंपडलं, डाव्या हाताने माझा खांदा धरला आणि उजवी टाच त्यावर रगडून बघितली. टाच सर्रकन पुढे गेली. "ही नको." पुढची टाइल. शिंपडलं, रगडलं. "हीही नको." विक्रेता धावत आला. "आजी, ही अँटी-स्किड आहे."

"असेल. साबण आहे का?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे. छत छान होतं, पी.ओ.पी.चं. मला वाटलं आता आपल्याला बाहेर काढतील, पण मॅनेजर शहाणा. त्याने आतून साबणाची वडी आणवली, वर एक स्टूलही दिलं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपापली कॅटलॉगं मिटून भोवती उभी राहिली. एका बाईंनी विचारलं, "आजी, आमच्यासाठीही बघता का?" शेवटी एका कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या करड्या, खरबरीत टाइलवर सासूबाईंची टाच साबणासकट जागच्या जागी राहिली. "ही."

"आजी, ही पार्किंगची आहे."

"म्हणजे गाडी घसरत नाही ना? मग माणूस कसा घसरेल?"

मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, बाथरूमला मोठी टाइल घेऊच नका, नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, उतार नीट मिळत नाही. एक बाय एकची मॅट फिनिश घ्या, सांधे जास्त येतात, पाय धरतो. त्यावर तह झाला. ती एक बाय एकसुद्धा एक फुटाची नव्हती, पण तोवर ह्यांचा टेप मी पर्समध्ये टाकला होता.

प्लायवुडचं चटकन सांगते. 303 नंबरचं घ्यायचं की 710, हा प्रश्न. दुकानदार म्हणाला, 710 म्हणजे 72 तास उकळत्या पाण्यात ठेवलं तरी सुटत नाही. घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अशी तूरडाळ आमच्याकडे एकदा आली होती." ओट्याखाली 710 घेतलं.

पुण्याच्या चिरंजीवांना ओपन किचन हवं होतं. व्हिडिओ कॉलवर त्याने बोट दाखवून "ती भिंत पाडा" असं फर्मावलं. त्या बोटाखाली नेमका कॉलम होता, ज्यावर वरचे दोन मजले आणि एक जिन्याखालचा वादही उभा आहे. विषय संपला. सूनबाई समजूतदार, ती म्हणाली, "आई, चार्जिंगचे प्लग मात्र भरपूर घ्या." अख्ख्या तयारीत कामाचं बोललेली ती एकटीच.

आता माळा. घर फोडायचं तर आधी रिकामं करायला हवं, आणि खरं घर माळ्यावर असतं हे वर चढल्याशिवाय कळत नाही. मिक्सर नसलेली मिक्सरची भांडी. टीव्ही नसलेलं टीव्हीचं खोकं, थर्माकोलसकट. दोन पत्र्याच्या ट्रंका, ज्यांच्या किल्ल्या तिसऱ्या ट्रंकेत, आणि तिसरी वन्संकडे जळगावला. सगळ्यात मागे, गोणपाटात बांधलेल्या मोझॅकच्या जादा फरश्या. 1992 साली सासऱ्यांनी ठेवलेल्या: "लागतील कधीतरी." इतकी वर्षं ती फरशी कधी फुटली नाही, आणि आता ती काढणार म्हटल्यावर ह्या खाली आल्या. मी म्हटलं, द्या टाकून. हे म्हणाले, "कोऱ्या आहेत अगं." शिवाय नव्या टाइल्सचं एक खोकं जादा घेऊन माळ्यावर ठेवायचं हे ठरलेलंच, कारण पुढच्या लॉटची शेड जुळत नाही म्हणे. म्हणजे जागा तीच, वारस नवा.

आणि बंब. तांब्याचा, सासूबाईंच्या लग्नातला, गावातल्या तांबट आळीतून घेतलेला. खाली उतरवताना त्यातून जुन्या कोळशाची काळी भुकटी माझ्या केसांत पडली. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पायरीवरून मागच्या मागे उतरला. चिरंजीव म्हणाले, हॉलमध्ये शोपीस म्हणून ठेवा, आत मनी प्लांट लावा. सासूबाई म्हणाल्या, "बंबात झाड? सिंहस्थात लाइट गेले आणि गीझर बंद पडला तर त्या झाडाने पाणी तापणार का?" बंब पॅसेजमध्ये उभा राहिला. त्याला टेकून मोझॅकची गोणपाटं, त्यांवर ट्रंका, त्यांवर टीव्हीचं खोकं. पॅसेजमधून आता आडवं होऊन जावं लागतं. मला हल्ली समोरून जाताच येत नाही, हे हे मोजून सांगतात.

सोसायटीचं पत्र मिळालं. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, राडारोडा जिन्यात ठेवायचा नाही, लिफ्टमधून वाळू नाही. खालच्या मजल्यावरचे काका मात्र कामाची आमच्याहून जास्त वाट बघतायत. वॉटरप्रूफिंग झालं की बाथरूममध्ये पाणी तुंबवून ठेवायचं आणि खाली पाझरतं का बघायचं, असं मिस्त्रींनी त्यांना सांगितलं. तेव्हापासून ते रोज सकाळी आपल्या छताचा फोटो काढून ह्यांना पाठवतात. "आजची स्थिती," असं खाली लिहितात. काम सुरू व्हायच्या आधीची.

दिवस सासूबाईंनी काढून दिला. पितृपक्ष टळला, अमावास्या टळली, मिस्त्रींच्या मेहुण्याचं लग्नही टळलं. सकाळी मिस्त्री आले, बरोबर दोन बिगारी, घण, छिन्न्या. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मिस्त्रींनी हात झाडले आणि विचारलं,

"साहेब, पाण्याचा मेन कॉक कुठंय?"

ह्यांनी वही उघडली. बिजागऱ्या होत्या, खुंट्या होत्या, देवघर 'आई उठल्यावर' होतं. कॉक नव्हता. गच्चीवरचा बंद करायचा तर अख्खी विंग कोरडी, आणि वेळ सकाळी साडेनऊची.

"बंबामागे," सासूबाई जपमाळ न थांबवता म्हणाल्या.

आम्ही सगळे पॅसेजकडे वळलो. टीव्हीचं खोकं, ट्रंका, गोणपाटं, बंब. बिगारी एकमेकांकडे बघायला लागले. मिस्त्रींनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि खुर्ची ओढून घेतली.

"वहिनी, तोवर चहा टाकता का?"

"गॅस काल काढून ठेवलाय," मी म्हटलं. "ओटा मोकळा करा म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"