दुसरा प्रश्न विचारायला कुणी बसलेलंच नसतं

आज दुपारी ऑफिसात डबा खाताना आमच्या टेबलावर नव्या पोरांच्या मुलाखती घेणारा एक जण म्हणाला, "यंदा फ्रेशर्समध्ये दमच नाही. टियर थ्री कॉलेजात ड्राइव्हला जायचं म्हणजे नुसता वेळ घालवायचा. पोरांना बोलताच येत नाही." टियर थ्री म्हणजे फारसं नाव नसलेली कॉलेजं, ड्राइव्ह म्हणजे तिथे जाऊन करायची नोकरभरती. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी डबा झाकला आणि उठले. तिथे तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

माझी भाची बार्शीची. सोलापूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, यंदा पास झाली. काल रात्री तिला एका आयटी कंपनीचा नकार आला. ट्रेनी कन्सल्टंटची जागा होती. दोन ओळींचा मेल, त्यात कारण नाही. कारण देणार तरी कोण? तिच्याशी कुणी माणूस बोललाच नव्हता.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांना हे माहीत नसेल, म्हणून सांगते. बऱ्याच कंपन्यांत आधी दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडे साठ टक्के पाहिजेत. बारावीला एकोणसाठ पडले असतील तर पोर्टल तुमचा फॉर्मच पुढे नेत नाही, मग डिग्रीला कितीही मार्क पडोत. त्यानंतर ॲप्टिट्यूड, म्हणजे आगगाडीचा वेग, नळ आणि टाकी, नातेसंबंधांची कोडी. मग कोडिंग. मग हेडफोन लावून इंग्रजी वाक्य ऐकायचं आणि जसंच्या तसं म्हणून दाखवायचं, मार्क मशीन देणार. हे सगळं पार केलं की मुलाखत. तीही हिच्या वेळी एकतर्फी. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला तीस सेकंद, उत्तराला दोन मिनिटं, आणि समोर स्वतःचाच चेहरा. उत्तर संपलं की पुढचा प्रश्न. तुम्ही काय बोललात याच्याशी त्या पुढच्या प्रश्नाचा काही संबंध नसतो.

दोन खोल्यांचं घर. ती बोलत असताना आजी चहा घेऊन आत आली, तर स्क्रीनवर इशारा: एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत. पोरगी घाबरली, पाठ केलेलं विसरली, उरलेली मिनिटं अडखळत गेली. मला हे सांगताना ती रडत नव्हती, आजीची बाजू घेत होती. "तिला काय माहीत गं मावशी, तिला वाटलं घसा कोरडा पडला असेल."

आता या मुलीने काय केलंय ते ऐका. आमचे दाजी, म्हणजे तिचे वडील, बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडतीवर, म्हणजे शेतमाल विकून देणाऱ्या पेढीवर, दिवाणजी आहेत. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, हाताने लिहितात: किती कट्टे (पोती), वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई वजा. सुगीत रात्री उशिरापर्यंत हिशोब चालतो. हिने तिसऱ्या वर्षाला असताना त्यांच्यासाठी पट्टीचं सॉफ्टवेअर केलं. पहिल्या दिवसापासून हमालीचा आकडा चुकायला लागला. दाजी वैतागून परत वहीकडे वळले. ही काय करते, तर सकाळी यार्डात जाऊन हमालांच्या शेजारी उभी राहते आणि विचारते, तुम्ही मोजता कसं? तेव्हा कळलं की अर्धवट भरलेलं कट्टंसुद्धा हमालीला पूर्ण धरतात, कारण ते उचलायला माणूस तेवढाच लागतो. हिचा प्रोग्राम हमाली वजनावर काढत होता. घरी येऊन बदललं. आज तिथे पट्टी त्यावरच निघते.

मी या आयटीच्या धंद्यात बरीच वर्षं आहे. आम्ही क्लायंटकडे जाऊन जे करतो, ते हेच. तो सांगतो एक, त्याच्या गोदामात चालतं दुसरं, आणि ते शोधायला खाली जाऊन हमालाला विचारावं लागतं. हे जमणारे सीनिअर लोकसुद्धा मला फार भेटलेले नाहीत.

आणि हे तिने मुलाखतीत सांगितलंच नाही! प्लेसमेंटच्या सरांनी बजावलं होतं, घरच्या धंद्याचं काढायचं नाही, टीमवर्क आणि लीडरशिपवर बोलायचं. म्हणून ती टेक फेस्टमध्ये कमिटी कशी सांभाळली ते पाठ करून गेली. समोर माणूस असता तर त्याने विचारलं असतं, "बरं, कॉलेजबाहेर काय केलंस?" या एका प्रश्नावर ती अर्धा तास बोलली असती, मोडक्या इंग्रजीत का होईना. मशीन तो प्रश्न विचारत नाही. आणि बोलता येत नाही म्हणे.

मान्य आहे, अर्ज हजारोंनी येतात, प्रत्येकाला समोर बसवता येत नाही. परदेशी क्लायंट असेल तर इंग्रजी लागतं, तेही खरं. काही मुलं दुसऱ्याकडून कोडिंग करून घेतात, हेही मी पाहिलंय.

पण एवढी चाळणी लावून देता काय? सुरुवातीचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास. दहा वर्षांपूर्वीही साधारण तेवढाच होता. पुण्याच्या हिंजवडीत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहणं, मेस आणि येणं-जाणं काढलं की घरी पाठवायला काय उरतं? आणि निवड झाली म्हणजे नोकरी लागली असंही नाही. २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर येता का म्हणून विचारलं. इन्फोसिसने निवडलेली २०२२च्या बॅचची मुलं दोन-दोन वर्षं जॉइनिंगची वाट बघत बसली, शेवटी २०२४ मध्ये पुण्याच्या नाइट्स (NITES) या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. मुलांनी तीस सेकंदांत उत्तर द्यायचं आणि कंपनीने दोन वर्षांनी. हे कुणालाच खटकत नाही?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या टेबलावरचा माणूस वाईट नाही. दिवसाला वीस-वीस मुलाखती घ्यायला लावल्या की कुणालाही समोरची पोरं सारखीच वाटायला लागतात. त्यालाही प्रत्येकी दहा मिनिटंच मिळतात, त्यातली दोन आवाज येतोय का हे विचारण्यात जातात.

ताईला संध्याकाळी फोन केला. ती म्हणाली, अगं, ती परत यार्डात गेलीय, तुरीची आवक वाढलीय, दाजींना मदत लागते. पुढच्या आठवड्यात भाचीचा पुण्यात एक वॉक-इन आहे, समोरासमोर. मी सांगितलंय, पहिल्याच उत्तरात कट्ट्यांचं सांग. सरांनी काहीही सांगितलेलं असो.

माझ्या मित्रयादीत मुलाखतीच्या पॅनलवर बसणारे पुष्कळ आहात. पाठ केलेलं उत्तर आलं की ते मध्येच थांबवा आणि घरी काय करतोस, काय करतेस ते विचारा. आणि बार्शी, माढा, करमाळ्याकडच्या कुणा मुलामुलीला सराव मुलाखत हवी असेल तर मला मेसेज करा. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते. मराठीत सुरू करू, इंग्रजीकडे नंतर वळू.