हजारपट दंडाच्या आधीचे श्लोकही वाचा

भाची राज्यसेवेची तयारी करते. परवा तिच्या वहीत हिरव्या स्केचपेनने चौकट केलेलं वाक्य दिसलं: 'मनुस्मृती – राजाला सामान्यांच्या हजारपट दंड – कायद्यापुढे समानता.' कुठून उतरवलंस? तर आमच्याच घरच्या ग्रुपवरून. जुनी न्यायव्यवस्था किती थोर होती हे सांगणारा मेसेज: हजारपट दंड, त्याच दिवशी निकाल, वर रामशास्त्र्यांचा दाखला. तो कितीदा आला आणि मी कितीदा सोडून दिला! आता वहीत शिरला, म्हणून लिहितोय.

श्लोक खोटा नाही. आठवा अध्याय, ३३६: साध्या माणसाला जिथे एक कार्षापण (तेव्हाचं नाणं) दंड, तिथे राजाला हजार. पण ते भरायचे कोणाकडे? दंड घेणारा तोच, देणाराही तोच. मनुस्मृतीवर भाष्य लिहिणाऱ्या कुल्लूकभट्टाने त्यावर तोड काढली: राजाने रक्कम पाण्यात टाकावी, नाहीतर ब्राह्मणांना द्यावी. घ्या समानता!

आणि ६९ श्लोक मागे जायला कोणाचे हात दुखतात? २६७ आणि २६८ बघा. विषय साधा, शिवीगाळ. क्षत्रियाने ब्राह्मणाला शिवी दिली तर शंभर 'पण' (नाणी) दंड. वैश्याने दिली तर दीडशे किंवा दोनशे. शूद्राने दिली तर पैशांवर भागत नाही, शारीरिक शिक्षा. आता उलट: ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर पन्नास, वैश्याला पंचवीस, शूद्राला बारा. शिवी तीच, दर वेगळा. २७०व्या श्लोकात तर द्विजाला, म्हणजे वरच्या तीन वर्णांतल्या माणसाला, घोर शिव्या देणाऱ्या शूद्राची जीभ छाटायला सांगितलीय. मेसेज लिहिणाऱ्याला नेमकी हीच पानं दिसली नाहीत.

एक कबूल करतो, नाइलाजाने. चोरीच्या बाबतीत (३३७-३३८) उतरंड उलटी आहे: शूद्राला आठपट, ब्राह्मणाला चौसष्टपट किंवा त्याहून जास्त, कारण त्याला बरंवाईट कळतं. विचार चांगलाच आहे. पण तिथेही माणूस कोण हे आधी विचारलंय, मग दंड ठरलाय. त्या ग्रंथांत न्याय म्हणजे ज्याने त्याने आपापल्या स्वधर्मात राहणं, आणि दंड त्यासाठी. कौटिल्याचा 'यथार्ह' दंड, म्हणजे ज्याला जसा योग्य तसा, याच मुशीतला. त्याच्याकडे गुन्हेगार ब्राह्मणाचा छळ करायचा नाही, कपाळावर डाग द्यायचा, चोरीसाठी कुत्र्याचा.

'पूर्वी निकाल त्याच दिवशी लागायचा' असंही मेसेज म्हणतो. मराठेशाहीत वतनाचे तंटे पिढ्यान् पिढ्या चालायचे. एका थळी, म्हणजे निवाड्याच्या जागी, हरलेला दुसऱ्या थळी उभा. शेवटी रवादिव्य: उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा, आणि हात भाजला की दावा गेला.

मेसेजमध्ये पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री यांचं नावही ओढलंय. त्यांच्या बाणेदारपणाबद्दल वाद नाही. पण नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादांना रामशास्त्र्यांनी सांगितलेला देहान्त भोगावा लागला का? ते इंग्रजांकडे गेले आणि १७७५ मध्ये सुरतेचा तह करून बसले.

भाचीला २६७ ते ३३८ वाचायला दिलंय. चौकट अजून खोडलेली नाही. म्हणाली, "मामा, मार्क कशाला मिळतात ते आधी बघते."