गाणं नुसतं ऐकावं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. थोडक्यात उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून हे लांबलचक लिहितो आहे.

लावणी, जलसा आणि तमाशापट यांच्याबद्दल लिहिताना मी विरोधविकासाची, म्हणजे विरोधातून बदल घडतो या विचाराची, भाषा वापरली, ती तुम्हाला खटकली. वाद, प्रतिवाद, संवाद हा ठरलेला साचा आहे, त्यात काहीही बसवता येतं आणि घडून गेल्यावर सगळं अटळच होतं असं दाखवता येतं, असं तुमचं म्हणणं. गाणं नुसतं ऐकावं, त्यात राजकारण कालवू नये. शाहीर अण्णा भाऊ साठ्यांनी ते कालवलं आणि गाण्याची घोषणा झाली, असंही तुम्ही लिहिलंत.

साच्यावरचा तुमचा राग मलाही मान्य आहे. पण तो साचा जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या नावावर इतरांनी चढवला. आपली पद्धत म्हणून त्याने तो मांडलेला नाही. त्याचं म्हणणं जास्त अवघड आहे. एखादी गोष्ट नाकारली म्हणजे ती नाहीशी होत नाही. जे नाकारलं त्याचा ऐवज नकारातच शिल्लक राहतो. म्हणून प्रत्येक वेळी विचारावं लागतं : कोणी नाकारलं, काय टाकलं, काय ठेवलं? हे प्रश्न कोणत्याही साच्यातून आयते मिळत नाहीत, त्यासाठी गाण्याजवळच जाऊन बसावं लागतं.

तमाशाचा क्रम तुम्हाला ठाऊक आहेच : गण (गणपतीचं वंदन), गौळण (कृष्ण आणि गवळणींचा प्रसंग), बतावणी (विनोदी संवाद), लावणी, वग (कथानाट्य). फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीच्या जलशांनी, म्हणजे गाण्या-नाट्यातून प्रचार करणाऱ्या खेळांनी, हा बाज उचलला आणि त्यात भटशाही-सावकारीवरचा हल्ला भरला. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा हे कम्युनिस्ट विचारांचं कलापथक काढलं. अण्णा भाऊंच्या गणात गणपती नाही. तिथे मायभूच्या आणि शिवछत्रपतींच्या चरणांना वंदन आहे. गौळण तर त्यांनी काढूनच टाकली. आता देव नको होता तर गणही का नाही काढला? कारण गण सुरू झाला की समोरचा माणूस सावरून बसतो, खेळ आपला आहे हे त्याला कळतं. गिरणगावात बसलेला सातारा-रत्नागिरीचा कामगार ही खूण गावाहून घेऊन आलेला होता. जागा ठेवली, जागेवरचा बदलला. तुम्ही याला सोय म्हणाल. माझ्या मते विचार इथेच घडला, ढोलकीच्या तालावर.

आता ‘माझी मैना गावावर राहिली’. अण्णा भाऊंची ही छक्कड, म्हणजे लावणीच्या चालीचं गाणं, तुम्ही घोषणा म्हणून बाजूला काढलीत, त्याचं मला खरंच वाईट वाटलं. जुन्या विरहाच्या लावणीत घरधनी मोहिमेवर गेलेला असतो आणि मागे राहिलेली बाई झुरत असते. इथे झुरतो तो पुरुष, आणि मोहीम म्हणजे पोटासाठी गाठलेली मुंबई. लावणीतली बाई दागिन्यांचा हट्ट धरते. या गाण्यात शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्याची माळ अशी दागिन्यांची यादीच येते, पण ती येते नवऱ्याच्या तोंडून. ही त्याने केलेली बोली आहे आणि ती पुरी करायची ऐपत त्याच्याकडे नाही. जी यादी शृंगाराची होती तीच दारिद्र्याचा हिशेब होते. शब्द तेच, दागिने तेच. मग गाणं वळतं : मैनेची भेट नाही, तीच गत खंडित महाराष्ट्राची. हे वळण बाहेरून चिकटवलेलं असतं तर ऐकताना ठेच लागली असती. ती लागत नाही, कारण ताटातूट आधीच गरिबीनं केलेली आहे. राजकारण पहिल्या ओळीपासून आत आहे.

‘घडून गेल्यावर सगळं अटळ’ या आक्षेपाला माझं उत्तर पवळा ही तमाशातली नर्तकी हे आहे. ती ज्यांच्या फडात नाचायची ते लावणीकार पठ्ठे बापूराव म्हणजे वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मण. (अण्णा भाऊंचं वाटेगावही त्याच तालुक्यातलं.) पवळा महार समाजातली. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी देऊ केलेले पैसे बाबासाहेबांनी नाकारले, कारण ते पवळेला नाचवून मिळवलेले होते, अशी आठवण सांगितली जाते. समाजाच्या स्वाभिमानासाठी तो नकार आवश्यक होता, असंच मला वाटतं. पण त्या नकारात पवळेचं काय झालं? जलशांनी तमाशाचा बाज घेतला आणि नाचणारी बाई वगळली. तिची कला हा समाजाचा कमीपणा ठरला, आणि तिच्या पोटाचा प्रश्न तसाच राहिला. हे अटळ होतं असं मी म्हणणार नाही. हा विरोध आजही सुटलेला नाही, आणि तो सुटला असं दाखवणारी मांडणी मला खोटी वाटते.

वगळलेली ती बाई सिनेमाने परत आणली, पण स्वतःच्या अटींवर. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला दोन वर्षांहून जास्त चालला. ‘बुगडी माझी सांडली गं’चे शब्द गदिमांचे, चाल वसंत पवारांची, आवाज आशाबाईंचा. तमाशाच्या कनातीत कधी पाऊल न टाकणाऱ्या घरांतल्या बायका थेटरात बसून लावणी ऐकू लागल्या. यात फडातल्या बाईचं नुकसान आहे असं तुम्ही म्हणालात, आणि ते खरं आहे. पण त्याच चित्रपटात पाटलाने केलेला अत्याचार तमाशाच्या बोर्डावरून भर गावासमोर सांगितला जातो. लावणीची विक्री आणि सत्तेवरचा आरोप, दोन्ही एकाच तिकिटात. यातलं एकच खरं मानायचा आग्रह मी धरत नाही, तुम्हीही धरू नये.

अण्णा भाऊंच्या गाण्यात मागितलेलं संयुक्त महाराष्ट्राचं राज्य १ मे १९६० ला झालं. बेळगाव बाहेरच राहिलं आणि तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. जे राज्य हाती आलं त्याचं पुढे काय झालं, ते ‘सामना’त दिसतं. १९७५ चा चित्रपट, जब्बार पटेलांचा, लेखन तेंडुलकरांचं. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा निळू फुल्यांचा हिंदुराव आणि समोर श्रीराम लागूंचा खचलेला, दारूत बुडालेला मास्तर. ज्या कामगार-शेतकऱ्यांनी छकडीच्या तालावर हे राज्य मागितलं, त्यांच्याच नावाने चालणाऱ्या सहकारातून हा नवा पाटील उभा राहिला. बाहेरून कोणी येऊन राज्य बिघडवलं नाही; लढ्याने जे मिळवलं त्याच्याच पोटातून हे निघालं. १९५९ मध्ये आरोप गाऊन करता येत होता आणि गाव तो ऐकत होतं. सोळा वर्षांनी हा मोडलेला मास्तर गावातल्या नाहीशा झालेल्या माणसाबद्दल साध्या बोलीत तेच तेच विचारत राहतो, ‘मारुती कांबळेचं काय झालं?’

तुम्ही म्हणता तसं हे सगळं गाण्यापासून वेगळं काढता येईलही. पण मग अण्णा भाऊंनी गौळण का टाकली आणि गण का ठेवला, याचं तुमचं उत्तर काय? ते लिहाल तर मी मनापासून वाचेन.