बिबळ्याचा पेला कधी टाकायचा?
बिबळा (विजयसार) या झाडाच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून मधुमेहासाठी सकाळी प्यायचं, हे या पेल्यावरच्या लेखात आलंय. पेला कधी बदलायचा ते राहिलं. पाण्यात रंग उतरणं थांबलं की पेला संपला, मग ते नुसतं लाकूड. पेला खोडाच्या आतल्या लाकडाचा, म्हणजे गाभ्याचाच हवा. खऱ्या गाभ्याचं पाणी पिवळट-तपकिरी होतं आणि उन्हात धरलं की निळसर झाक मारतं. ती झाक नसून नुसताच लालभडक रंग आला तर माल रंगवलेला समजा (सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत घेणाऱ्यांनी विशेष!). आपल्या सोलापुरी उन्हाळ्यात कोरडा ठेवला तर तडकतो, ओला झाकला तर बुरशी. १९९८ ची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मधुमेहावरची चाचणी बिबळ्याच्या अर्काची होती, दिवसाला २ ते ४ ग्रॅम. पेल्यातल्या पाण्याची नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच, साखर जास्त उतरू शकते.